न दिसलेले आणि नसलेले

"आपा, मशीनमें तो कुछ नै दिख्या बोलते. फिर मेरा बच्चा गिरता कायकू?"

माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईने शाळेच्या वऱ्हांड्यात उभे राहून मला हा प्रश्न विचारला, त्याला आता दोन वर्षे होऊन गेली. यंत्रात काही दिसले नाही म्हणतात, मग माझे लेकरू पडते का? प्रश्न साधा होता. मी बी.एड. झालेली शिक्षिका, उदगीरच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. नंतर जे वाचले, विचारले, विचार केला, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

मुलगा तेव्हा सातवीत होता. त्याचे नाव इथे लिहीत नाही. वडील आडत बाजारात हमाली करतात, आई घरी शिलाईकाम करते. मुलगा मोठ्याने वाचता वाचता मध्येच थांबायचा. नजर एका जागी लागायची, ओठ हलायचे, आणि थोड्या वेळाने तो भलत्याच ओळीपासून पुढे वाचू लागायचा. दोनदा घरी पडला, हातपाय झाडले, जीभ चावली गेली. बचत गटातून पैसे उचलून आईने आणि मामाने त्याला लातूरला नेले, मेंदूचा एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये लिहून आले की लक्षात घेण्याजोगा दोष नाही. मामाने फारच विनवले म्हणून तिथल्या माणसाने संगणकावर मेंदूचे त्रिमिती चित्र गरगर फिरवून दाखवले. मामाने मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून आणला. करड्या रंगाचा, वळ्यावळ्यांचा, अक्रोडाच्या गरासारखा अख्खा मेंदू. कुठे खोच नाही, डाग नाही.

त्या फोटोनंतर घरात तीन मते झाली. चुलत्यांचे म्हणणे, पोरगा नाटक करतो, शाळा चुकवायला. आजीचे म्हणणे, कसला तरी असर आहे, मशीनला तो दिसणार नाही. आई म्हणत होती, काहीतरी आहे, पण तिच्या हातात पुरावा नव्हता. उलट पुरावा तिच्या विरुद्ध होता. अख्खा दिमाग तिने डोळ्यांनी पाहिला होता आणि त्यात काही नव्हते.

आणि चौथे मत माझे होते, ते मी तिला सांगितले नाही. मी त्या मुलाला 'लक्ष नसलेला' या खात्यात टाकून दिले होते. वाचताना थांबला म्हणून दोनदा वर्गाबाहेर उभे केले होते. त्यामुळे 'काही दिसले नाही' या वाक्याचा अर्थ काय, हा प्रश्न माझ्यासाठी नुसता विज्ञानाचा राहिला नाही.

आमच्या वर्गात अनियमित आकृतीचे क्षेत्रफळ आलेख कागदावर काढायला शिकवतात. मुले कागदावर पंजा ठेवतात, पेन्सिलने कड काढतात आणि आतले चौकोन मोजतात. पूर्ण चौकोन एक धरायचा. अर्ध्याहून जास्त आत आलेला चौकोनही एक धरायचा. अर्ध्याहून कमी आलेला सोडून द्यायचा. हा नियम मी कितीतरी वर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. आईच्या प्रश्नानंतर मला कळले की मेंदूचे ते सुंदर चित्र याच नियमाच्या नात्यातले आहे.

एमआरआय यंत्र आपल्या डोळ्यासारखे किंवा कॅमेऱ्यासारखे मेंदूचा पृष्ठभाग पाहत नाही. ते मोठ्या चुंबकाच्या आत शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनच्या अणूंना रेडिओलहरींनी हलवते आणि त्यांच्याकडून परत येणारा संदेश टिपते. हा संदेश कुठल्या जागेवरून आला ते ठरवून चित्र बनवण्याची पद्धत शोधल्याबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पण जागा ठरते ती ठोकळ्या-ठोकळ्याने. डोके म्हणजे जणू लहान ठोकळ्यांची रास आहे असे समजायचे, आणि प्रत्येक ठोकळ्याला एकच आकडा मिळतो. या ठोकळ्याला व्हॉक्सेल म्हणतात. ठोकळा सर्व बाजूंनी १ मिलिमीटरचा असेल तर मोठ्या माणसाच्या मेंदूत असे साधारण १२ लाख ठोकळे बसतात. संख्या मोठी वाटते. पण त्या प्रत्येक ठोकळ्यात हजारो पेशी असतात आणि त्या सगळ्यांच्या वतीने एकच आकडा बोलतो.

नेहमीच्या तपासणीत तर ठोकळे असे सारख्या बाजूंचेही नसतात. वेळ वाचावा म्हणून बहुधा ५ मिलिमीटर जाडीचे काप घेतात आणि दोन कापांमध्ये थोडी जागाही सोडतात. म्हणजे लांबी-रुंदीला ठोकळा मिलिमीटरच्या आसपास, पण जाडीला पाच. खडूच्या उभ्या तुकड्यासारखा. कापावर समोरून नजर टाकली तर चित्र बारीक आणि स्वच्छ दिसते. खडूच्या लांबीच्या दिशेने काय गमावले ते समोरून दिसत नाही.

आता मेंदूच्या पृष्ठभागाकडे येऊ. मेंदूवर करड्या पेशींची एक साल असते. विचार, भाषा, स्पर्श, हालचाल यांचे बरेचसे काम याच सालीत चालते. तिची जाडी सरासरी अडीच मिलिमीटर, कुठे कमी, कुठे जास्त. क्षेत्रफळ मात्र २००० चौरस सेंटिमीटरच्या पुढे, म्हणजे ए-फोर आकाराचे तीन-चार कागद शेजारी शेजारी ठेवावेत इतके. एवढे कागद कवटीत मावायचे तर चुरगळावेच लागतात. म्हणून मेंदूला वळ्या आणि खाचा आहेत. सालीचा साधारण दोन तृतीयांश भाग खाचांच्या आत दडलेला असतो. वरून पाहणाऱ्याला जे दिसते ते एक तृतीयांश.

या सालीचे चित्र संगणक कसे काढतो? ठोकळ्यांचे आकडे घेतो आणि एक मर्यादा ठरवतो. या आकड्याच्या अलीकडचे मेंदूत, पलीकडचे बाहेर. मग आत आणि बाहेर यांच्या सीमेवर लहान लहान त्रिकोणांचे जाळे विणतो. याची एक प्रसिद्ध रीत १९८७ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या विल्यम लॉरेन्सन आणि हार्वे क्लाइन यांनी प्रसिद्ध केली. जाळे पायऱ्यापायऱ्यांचे, खडबडीत दिसते म्हणून नंतर ते गुळगुळीत करतात, त्यावर प्रकाश-सावली टाकतात. मामाच्या मोबाईलमधले चित्र याच वाटेने आले असणार.

अडचण सीमेवरच्या ठोकळ्यांची आहे. एखाद्या ठोकळ्यात अर्धी साल आणि अर्धे पाणी असेल तर त्याचा आकडा दोघांच्या मधला येतो. तो खरे तर सालीचाही नाही, पाण्याचाही नाही. संगणकाला मात्र त्याची बाजू ठरवावी लागते. दोन वळ्यांच्या मधली खाच पुष्कळ ठिकाणी इतकी अरुंद असते की दोन्ही काठ एकमेकांना जवळजवळ टेकलेले असतात. मधला पाण्याचा पदर ठोकळ्याच्या रुंदीपेक्षा बारीक असेल तर तो त्या एका आकड्यात विरघळून जातो. मग संगणक दोन्ही काठ जोडून टाकतो आणि खाच बुजते. तिच्या तळाशी जे असेल ते चित्राच्या पृष्ठभागावर येतच नाही.

हे मी वर्गात करून पाहिले. बोटे जवळ जवळ ठेवून पंजाची कड काढायला लावली. निम्म्या मुलांनी सेंटिमीटरच्या मोठ्या चौकोनांनी मोजले, निम्म्यांनी मिलिमीटरच्या बारीक चौकोनांनी. अर्ध्याहून जास्त आत असलेले चौकोन रंगवायचे, बाकीचे कोरे. मोठ्या चौकोनांच्या कागदावर बोटांमधल्या फटी नाहीशा झाल्या आणि हाताचे एक फावडे झाले. बारीक चौकोनांच्या कागदावर पाचही बोटे शाबूत राहिली. मजेची गोष्ट अशी की दोन्ही कागदांवरचे क्षेत्रफळ फारसे वेगळे आले नाही. बेरीज जवळपास बरोबर, आणि हात मात्र हात राहिलेला नाही. एका मुलीने विचारले, "टीचर, उंगलियां कहां गयीं?" बोटे कुठेच गेली नव्हती. ती चौकोनापेक्षा बारीक फटींनी वेगळी होती, एवढेच.

असाच एक मोठा प्रकार आपल्या राज्याच्या नकाशात झाला आहे. महाराष्ट्राचा समुद्रकिनारा ७२० किलोमीटर, हे आम्ही शाळेत पाठ केले आणि पुढे मुलांकडून पाठ करून घेतले. केंद्र सरकारच्या जुन्या नोंदीत तो आकडा ६५२.६ किलोमीटर होता. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात तो ८७७.९७ किलोमीटर झाला. सगळ्या देशाचा किनारा ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ किलोमीटरवर गेला. किनारा रातोरात वाढला नाही. जुने मोजमाप १:४५ लाख प्रमाणाच्या नकाशावर केलेले होते, नवे १:२.५ लाख प्रमाणाच्या. नकाशा बारीक झाला तशा खाड्या, वळणे, नद्यांची मुखे मोजपट्टीखाली आली. बेनुआ मँडेलब्रॉट या गणितज्ञाने १९६७ मध्येच ब्रिटनचा किनारा किती लांब, असा प्रश्न टाकून दाखवून दिले होते की मोजपट्टी सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. कोकणातल्या वाचकांना हे नवे वाटणार नाही. ज्यांची वस्तीच खाडीच्या आतल्या वळणावर आहे त्यांना जुन्या नकाशावर आपले गाव समुद्राचे की जमिनीचे, हे विचारावेच लागले असेल. मेंदूच्या सालीचेही तसेच आहे. ठोकळा बारीक करत जाल तशा नव्या खाड्या उघडतात.

इथे एक शंका येईल. बारीक ठोकळ्यांशिवायही चांगले संगणकीय कार्यक्रम मेंदूचा पृष्ठभाग बराच अचूक काढतात, ते कसे? तेही समजून घेतले पाहिजे, कारण खरी नैतिक गुंतागुंत तिथे आहे. १९९९ च्या सुमारास अँडर्स डेल, ब्रूस फिशल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक रीत मांडली. साल आणि तिच्या आतला पांढरा भाग यांची सीमा आधी शोधायची, मग तिथून बाहेर सरकत सरकत सालीची बाहेरची कड गाठायची. या रीतीत एक गोष्ट आधीच गृहीत धरलेली असते. सालीचा पडदा अखंड आहे, त्याला भोक नाही, तो स्वतःला कुठे चिकटलेला नाही. या आधीच्या ज्ञानाच्या जोरावर कार्यक्रम बुजलेली खाचही उघडू शकतो. आकडे जिथे मुके होतात तिथे ज्ञान बोलते.

दहा शतकांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी प्रकाशशास्त्रावरच्या आपल्या 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात डोळ्याबद्दल असेच काही सांगितले होते. आपण जे पाहिले असे म्हणतो त्यात निव्वळ दृष्टीचा वाटा थोडा असतो. ओळख, तुलना आणि अनुमान हे इतक्या वेगाने होते की आपल्याला ते झाल्याचे कळतही नाही. पुढे येणारा माणूस दुरून दिसतो तो ठिपका. 'भाई आले' हे आपले जेहन सांगते.

जेहन सांगते ते बहुधा खरे असते. पण ते शिकले कुणाकडून, हे विचारले पाहिजे. जगभरच्या मेंदूसंशोधनात एक सरासरी मेंदू नमुना म्हणून वापरला जातो. तो कॅनडातल्या माँट्रिअल येथे १५२ निरोगी माणसांच्या चित्रांवरून बनवलेला आहे. सरासरी काढताना प्रत्येकाच्या बारीक खाचा एकमेकींवर पडून पुसल्या जातात. आपल्या शेजारच्या हैदराबादेतील आयआयआयटीच्या संशोधकांनी १०० भारतीय स्त्री-पुरुषांच्या चित्रांवरून भारतीय मेंदूचा नमुना तयार केला, तो २०१९ मध्ये पुढे आला. सरासरी भारतीय मेंदूची उंची, रुंदी आणि आकारमान पाश्चात्त्य नमुन्याहून कमी आढळले. यावरून बुद्धीबद्दल काही ठरत नाही. ठरते ते एवढेच की दुसऱ्याच्या मापाने पाहिले तर निरोगी माणूसही आजारी दिसू शकतो.

मग उपाय सोपा वाटतो. ठोकळे बारीक करा. पण बारकाई फुकट मिळत नाही. ठोकळ्याची बाजू निम्मी केली की घनफळ एक अष्टमांश होते, आणि त्यातून येणारा संदेशही तेवढाच क्षीण होतो. तोच स्वच्छपणा पुन्हा हवा असेल तर नुसते जास्त वेळा मोजून तो मिळवायला ६४ पट वेळ लागतो. ५ मिनिटांची तपासणी ५ तास २० मिनिटांची होईल. इतका वेळ कोणते लेकरू त्या बोगद्यात न हलता पडून राहील? आणि ते हलले तर बारीक ठोकळ्यांचे चित्र जाड ठोकळ्यांच्या चित्राहून वाईट येते. अधिक बलवान चुंबक हा एक मार्ग आहे. फ्रान्समध्ये पॅरिसजवळ सॅक्ले येथे ११.७ टेस्ला शक्तीच्या यंत्राने २०२४ मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूची पहिली चित्रे प्रसिद्ध झाली. चार मिनिटांत लांबी-रुंदीला ०.२ मिलिमीटर आणि जाडीला १ मिलिमीटर इतकी बारकाई त्यात होती. असे यंत्र तालुक्याच्या गावी येणार नाही. मुंबईची समीर ही सरकारी संशोधन संस्था देशी बनावटीच्या एमआरआय यंत्रावर काम करते आहे, ते १.५ टेस्लाचे. आपल्यासाठी मोलाचे तेच.

याहून बारीकही पाहिले गेले आहे. २०१३ मध्ये जर्मनी आणि कॅनडातील संशोधकांनी एका ६५ वर्षांच्या स्त्रीच्या मेंदूचे ७,४०४ काप करून २० मायक्रोमीटर बारकाईचा नकाशा बनवला. त्यासाठी तिचे निधन झालेले असावे लागले. इतक्या जवळून पाहायचे तर माणूस हयात उरत नाही. म्हणजे जिवंत माणसाला पाहताना काहीतरी सुटणारच, हे आपण मान्य करूनच पाहायला बसतो.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे परत येते. मिरगीच्या काही मुलांमध्ये मेंदूच्या सालीचा एखादा लहानसा तुकडा गर्भातच नीट घडलेला नसतो. साल तिथे किंचित जाड, तिची कड किंचित पुसट. इंग्लंडमधील डेव्हिड टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये या दोषाचे वर्णन केले. आणि हा दोष पुष्कळदा खाचेच्या तळाशी असतो. ५ मिलिमीटरच्या कापात तो दोन कापांच्या मध्ये हरवू शकतो, बुजलेल्या खाचेखाली दडू शकतो. म्हणूनच इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या संघटनेच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये शिफारस केली की मिरगीच्या रुग्णाची तपासणी मध्ये जागा न सोडता, सर्व बाजूंनी १ मिलिमीटरच्या ठोकळ्यांनी करावी. २०२५ मध्ये लंडनच्या संशोधकांनी मेंदूच्या पृष्ठभागाचे जाळेच संगणकाला तपासायला दिले, तेव्हा डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेल्या अशा दोषांपैकी ६४ टक्के त्याने शोधून काढले. संगणकही चुकतो, नसलेला दोषही दाखवतो. तरी एवढे सिद्ध झाले की जे 'नाही' म्हणून लिहिले गेले होते त्यातले बरेचसे होते.

तेव्हा 'दिसले नाही' आणि 'नाही' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिले वाक्य यंत्राबद्दल आणि पाहणाऱ्याबद्दल आहे. दुसरे वाक्य मुलाबद्दल आहे. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची तर मध्ये एक आकडा सांगावा लागतो: केवढ्या चौकोनातून पाहिले? रिपोर्ट लिहिणाऱ्याने बहुधा पहिले वाक्यच लिहिलेले असते. उडी आपण घरी मारतो, आणि ते गुळगुळीत चित्र आपल्याला मारायला लावते. चित्र पायऱ्यापायऱ्यांचे, फाटके दिसले असते तर मामाने विचारले असते की इथे काय आहे. ते पूर्ण दिसले म्हणून कुणी विचारले नाही. गुळगुळीत करण्यात खोटेपणाचा हेतू नसतो. तरी ज्याने चित्र गुळगुळीत केले त्याच्यावर ते किती आणि कुठे केले हे सांगण्याची जबाबदारी येते, असे मला वाटते.

पण हा विचार इथेच थांबवला तर मोठा धोका आहे. आजींनी तो लगेच हेरला. त्या म्हणाल्या, तूच सांगतेस ना मशीनला सगळे दिसत नाही, मग असर आहे म्हटले तर तुला काय हरकत? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. न दिसलेल्या जागेत कुणीही काहीही भरू शकतो का?

माझे उत्तर असे आहे. जाड कापांच्या एमआरआयने पुष्कळ काही सांगितले होते. मोठी गाठ नाही, मोठा रक्तस्राव नाही, मेंदूत पाणी साचलेले नाही. चौकोनाहून मोठ्या गोष्टींबद्दल तो ठामपणे बोलू शकत होता. त्याचे अज्ञान मोजलेले होते, म्हणून त्याचे ज्ञानही भरवशाचे होते. आणि ते अज्ञान कमी करण्याची वाटही ठाऊक होती: काप पातळ करा, पुन्हा पाहा, चुकलो तर कळेल. असर आहे म्हणणाऱ्याकडे चौकोनच नाही. तो चूक असेल तर ते कधी कळणार, हे तो सांगू शकत नाही. गैबवर माझा ईमान आहे. पण लेकराच्या प्रत्येक झटक्याला न पाहता गैबचे नाव चिकटवणे म्हणजे ईमान नव्हे. तो पाहण्याचा कंटाळा आहे. इलाज शोधणे आपल्याकडे कधी ईमानाच्या विरुद्ध मानले गेलेले नाही. चुलत्यांचे 'नाटक' हेही त्याच जातीचे. रिकाम्या चौकोनात त्यांना सोयीचा रंग भरला, इतकेच.

पुढे आई मुलाला मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी आधी चित्रे पाहिली नाहीत, आधी प्रश्न विचारले. मिरगीचे निदान मुख्यतः झटका पाहणाऱ्याच्या सांगण्यावरून होते आणि एमआरआय निर्दोष असूनही मिरगी असू शकते, हे त्यांनी आईला समजावले. घरचे सांगून झाल्यावर म्हणाले, शाळेतल्या टीचरकडून लिहून आणा. मुलगा दिवसाचे पाच तास त्यांच्यासमोर असतो.

मी कागद घेऊन बसले. त्यांचे प्रश्न असे होते. थांबणे किती सेकंदांचे? आठवड्यातून किती वेळा? त्या वेळी नाव घेऊन हाक मारली तर प्रतिसाद देतो का? मान कोणत्या बाजूला वळते? एक हात काही करत असतो का? नंतर त्याला ते आठवते का?

एकाही प्रश्नाचे खात्रीचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तो मुलगा वर्षभर माझ्यापासून आठ-दहा फुटांवर बसत होता. यंत्राने तर त्याला अर्धा तासच पाहिले होते. माझ्या वर्गात चाळीसच्या वर मुले आहेत, आणि माझेही चौकोन ठरलेले आहेत: हुशार, मध्यम, लक्ष नसलेला. प्रत्येक चौकोनाला एक आकडा. अर्ध्याहून कमी असेल ते सोडून द्यायचे. मी त्या कागदावर लिहिले, 'मला नक्की सांगता येत नाही, तीन आठवडे पाहून कळवते.' मग वहीला एक पान केले आणि तारीखवार लिहू लागले. थांबणे पंधरा-वीस सेकंदांचे निघाले. मान डावीकडे वळे. उजवा हात सदऱ्याचे बटण चाळवत राही. हे सगळे वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर घडत होते.

सगळ्या मुलांकडे असे पाहता येईल का? येणार नाही. ६४ पट वेळेचा हिशेब शिक्षकालाही लागू आहे. पण कोणाकडे जाड चौकोनातून पाहिले आहे एवढे तरी ठाऊक असावे, आणि त्या पाहण्यावर शिक्षा उभारू नये. मी त्याला वर्गाबाहेर उभे केले ती चूक न दिसण्याची नव्हती. न दिसले ते नाहीच असे धरून निकाल दिला, ही चूक होती. मी ती त्याच्याजवळ कबूल केली. तो लाजून हसला, आणि बहुतेक त्याला ते आठवतही नव्हते. आईला आठवत होते.

नंतर पातळ कापांचा एमआरआयही झाला. वाचकांना वाटेल की त्यात खाचेच्या तळाशी तो दोष सापडला असेल. तसे झाले नाही. एका जागी साल किंचित जाड असावी, पण खात्रीने म्हणता येत नाही, असे डॉक्टरांनी लिहिले. कापांची जाडीही त्यांनी रिपोर्टमध्ये नोंदवली. गोळ्या सुरू आहेत. पडणे थांबले आहे. वर्गात थांबणे पूर्ण गेलेले नाही, कमी झाले आहे. चुलते आता नाटक म्हणत नाहीत. आजी दम करतात आणि गोळीची वेळही आठवणीने सांगतात.

मागच्या महिन्यात आई पुन्हा शाळेत आली होती. नवा रिपोर्ट तिने माझ्यापुढे धरला आणि विचारले, "आपा, इसमें क्या लिख्या?" मी सांगितले, "लिखा है कि अभी पक्का नहीं बोल सकते." ती थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हां, ये सई लिख्या." आणि कागद नीट घडी करून तिने पिशवीत ठेवला.